ध्यानाच्या तासाला वर्गाबाहेर उभे केलेले मूल : नाशिकच्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक
आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस

विषय : लक्ष टिकवण्यात अडचण असलेल्या मुलांना शाळेत सजगतेचे प्रशिक्षण देण्याबाबत

सा. न. वि. वि.

मी एकतीस वर्षे नाशिकमध्ये प्राथमिक शिक्षिका होते आणि निवृत्त होऊन आता सहा वर्षे झाली. हे पत्र शिक्षिका म्हणून लिहावे की आजी म्हणून, याचा बराच विचार केला. ज्या चुकीबद्दल मला लिहायचे आहे ती मी स्वतः वर्गात उभी राहून वर्षानुवर्षे केली आहे आणि तीच चूक आता माझ्या नातवाच्या वाट्याला आलेली पाहते आहे, त्यामुळे दोन्ही नात्यांनी बोलण्यावाचून गत्यंतर नाही.

नातू चौथीत आहे. त्याच्या दप्तरातून आठवड्याला तीन खोडरबर हरवतात, बुटाची एक नाडी कायम सुटलेली असते, आणि ‘पाणी पिऊन ये’ म्हणून स्वयंपाकघरात पाठवले तर तो दहा मिनिटांनी गच्चीवर सापडतो, तोही तहानलेलाच. गेल्या वर्षी बालमानसोपचारतज्ज्ञांनी त्याची रीतसर तपासणी केली, शाळेकडून आणि घराकडून वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवता न येणे व अतिचंचलता यांच्याशी संबंधित विकाराचे, निदान केले. औषध सुरू झाले. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच्या शाळेत ध्यानाचा तास सुरू झाला, तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद मला झाला होता.

तो तास असा असे. आठवड्यातून दोनदा, परिपाठ संपल्यावर वीस मिनिटे, पन्नासेक मुले आपापल्या बाकावर. सूचना ध्वनिक्षेपकावरून येत : पाठ ताठ ठेवा, डोळे मिटा, हालचाल करू नका, मनात कोणताही विचार येऊ देऊ नका. नातवाने तिसऱ्या मिनिटाला डोळे उघडले, पाचव्या मिनिटाला कंपासपेटी उघडली आणि सातव्या मिनिटाला पुढच्या मुलाच्या कॉलरवर मुंगी आहे हे त्याला सांगून टाकले. मुंगी खरोखरच होती, असे तो आजही शपथेवर सांगतो. पहिल्या आठवड्यात त्याला शेवटच्या बाकावर बसवले, दुसऱ्या आठवड्यात दाराशी, आणि तिसऱ्या आठवड्यापासून ‘बाकीच्यांचे ध्यान मोडते’ म्हणून व्हरांड्यात उभे केले. घरी येऊन तो मला म्हणाला, ‘‘आजी, मला ध्यानात नापास केलं.’’

पुढे पालकसभेत त्याच्या वर्गशिक्षिकेने माझ्या सुनेला बाजूला घेऊन अगदी मायेने सांगितले की एवढ्याशा जिवाला कसल्या गोळ्या देता, घरी रोज ध्यानाला बसवा, हळूहळू सगळे सुटेल. मुलाला औषध देणाऱ्या आईच्या मनात आधीच अपराधीपणा असतो. दुपारची भूक मंदावते, डब्यातली पोळी तशीच परत येते, नातेवाईक नाके मुरडतात. अशा वेळी शिक्षिकेचे असे वाक्य कानावर पडले की ते औषधाच्या चिठ्ठीपेक्षा वजनदार ठरते. सुनेने डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी मी गणिताची वही उघडली तेव्हा पानापानावर तारीख होती, समास आखलेला होता आणि पुढे काहीच नव्हते. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी औषध पुन्हा सुरू केले; पण त्या तीन आठवड्यांत मुलाने स्वतःविषयी जे मत करून घेतले, ते अजून पुरते पुसले गेलेले नाही.

शाळेचे नाव मी मुद्दाम घेत नाही. ती शाळा वाईट नाही, त्या शिक्षिकाही वाईट नाहीत, आणि असे प्रसंग एकाच शाळेत घडत असते तर मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बोलले असते, खुले पत्र लिहिले नसते.

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे की शाळांमध्ये ध्यान येत आहे हे चांगले आहे, परंतु ते ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ याची नवी आवृत्ती म्हणून येत असेल, तर ज्या मुलांना त्याचा उपयोग होण्याची शक्यता आहे तीच मुले सर्वांत आधी त्यातून बाहेर फेकली जातील.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ मी किती हजार वेळा म्हटले असेल याची मोजदाद नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याला आम्ही सगळे भोवरा म्हणायचो, मीसुद्धा. तो बसला की वर्गाला बसू देत नसे, म्हणून मी त्याला खडू आणायला पाठवी, डस्टर झटकायला पाठवी, शेजारच्या वर्गातल्या बाईंना निरोप द्यायला पाठवी. हेतू एकच, चार मिनिटे तरी शांतता मिळावी. गंमत अशी की चक्कर मारून आल्यावर तो पुढची दहा मिनिटे चांगले वाचत असे, आणि हे मला दिसत असूनही त्याचा अर्थ कळत नव्हता. अशा मुलांची हालचाल ही मेंदूला जागे ठेवण्याची त्यांची स्वतःची धडपड असते असे काही संशोधक म्हणतात. हे मी निवृत्त झाल्यावर वाचले. भोवरा तोपर्यंत बापमाणूस झाला असेल.

मुख्याध्यापकांना एडीएचडीची ओळख मी करून द्यावी असे नाही, पण काही गोष्टी शिक्षक-दालनात वारंवार चुकीच्या बोलल्या जातात म्हणून सांगते. प्रत्येक खोडकर मूल एडीएचडीचे नसते. निदानासाठी लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित अंदाज शंभरात सुमारे पाच मुलांचा आहे, म्हणजे पन्नासच्या वर्गात सरासरी दोन-तीन. त्यांतली एखादी मुलगी असेल आणि ती कुणालाही त्रास न देता खिडकीबाहेर पाहत बसत असेल, तर तिची नोंदही होत नाही. प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ एवढा शेरा पडतो आणि ती पुढच्या वर्गात जाते. दुसरे असे की या मुलांना लक्ष नसते हे खरे नाही. माझा नातू पतंगाचा मांजा तासभर न कंटाळता सोडवतो. लक्ष हवे तिथे नेणे, नको तिथून काढणे आणि नेलेले टिकवणे, हा जो सुकाणू आहे तो त्यांच्या हाती पक्का नसतो. यात मेंदूतील डोपामिनसारख्या रसायनांच्या कामकाजाचा भाग असतो आणि घराण्याचा वारसाही मोठा असतो, म्हणून ‘संस्कार कमी पडले’ हे वाक्य आपण सर्वांनी आता निवृत्त करावे.

आता ध्यानाविषयी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. आज माइंडफुलनेस म्हणून जे शाळांपर्यंत पोहोचले आहे त्याचा बराचसा धागा तिथून येतो. मी त्याला सजगता म्हणते, म्हणजे आत्ता जे घडते आहे त्याकडे भान ठेवून पाहणे. नाशिककरांना यात नवल वाटू नये. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात, तिथे मुलांसाठी आनापानाची, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहण्याच्या सरावाची, छोटी शिबिरेही होतात, आणि राज्याच्या शिक्षण विभागाने २०११ पासून ‘मित्र उपक्रम’ म्हणून दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे आनापान शाळांमध्ये आणले होते. अनेक शाळांत ते फळ्यावरच्या सुविचारासारखे आले आणि पुसले गेले, हे आपल्यालाही ठाऊक आहे. आता २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आहे आणि त्यातही श्वसनाच्या व ध्यानाच्या कृतींना जागा आहे. तेव्हा परवानगीचा प्रश्न नाही. कसे करायचे, एवढाच प्रश्न आहे.

निवृत्तीनंतर मी इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा असतो. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, मनात शब्द किंवा प्रतिमा आणायची नाही. मला वाटले होते, आयुष्यभर पन्नास मुले सांभाळली, एक श्वास सांभाळणे काय अवघड आहे. पहिल्या दिवशी अर्धे मिनिटही जमले नाही. गॅसचे सिलिंडर नोंदवले की नाही, पेन्शनच्या कागदावर सही राहिली का, कुणाच्या तरी लग्नात अठरा वर्षांपूर्वी झालेला अपमान, हे सगळे त्या अर्ध्या मिनिटात येऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला एकदम भोवरा आठवला. माझे जे दोन दिवस होत होते, ते त्याचे पहिली ते चौथी रोज होत होते, आणि मी त्याला त्यासाठी उभे करीत होते.

तिथे शिकले ते हे की मन भटकणे हा या सरावातला अपराध नव्हे, ती सरावाची सामग्री आहे. लक्ष श्वासावर ठेवले, ते सुटले, सुटल्याचे ध्यानात आले, आणि न चिडता पुन्हा आणले. या चार पायऱ्यांची एक फेरी होते आणि अशा फेऱ्या पुन्हा पुन्हा करणे म्हणजे सराव. यांतली तिसरी पायरी, सुटल्याचे ध्यानात येणे, ही लक्षाची अडचण असलेल्या मुलांची सर्वांत कच्ची बाजू असते. गच्चीवर पोहोचलेल्या माझ्या नातवाला आपण पाणी प्यायला निघालो होतो हे आठवतच नाही. म्हणून ‘मनात विचार येऊ देऊ नका’ ही सूचना अशा मुलाला देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला गोदेच्या पुरात उभे करून ‘भिजू नकोस’ म्हणण्यासारखे आहे.

गेल्या दीड वर्षापासून रविवारी सकाळी मी नातवाला आणि सोसायटीतल्या आणखी तीन मुलांना गच्चीवर घेऊन बसते. याला वर्ग म्हणू नये. फी नाही, प्रमाणपत्र नाही. सतरंजीवर उताणे झोपायचे, पोटावर मुगाची एक पुरचुंडी ठेवायची, आणि ती वर जाते खाली येते ते पाहायचे. सुरुवातीला एक मिनिट, आता तीन. डोळे उघडे ठेवले तरी चालतात, पाय हलले तरी चालतात. मग पितळी वाटीवर चमचा वाजवायचा आणि नाद पुरता विरला की हात वर करायचा. यात मुलांचे हात माझ्यानंतर कितीतरी वेळाने वर येतात, आणि म्हाताऱ्या कानांना हरवल्याचा आनंद त्यांना आठवडाभर पुरतो. त्यानंतर अनवाणी हळू चालायचे आणि फरशी कुठे गार, कुठे कोमट ते तळपायाने ओळखायचे. बसून राहू न शकणाऱ्या मुलाला ध्यान चालण्यापासून शिकवावे, बसण्यापासून नाही, हे मला मुलांनीच शिकवले.

एक युक्ती मात्र माझी आहे. प्रत्येकाच्या डाव्या बाजूला चिंचोक्यांचा ढीग असतो. मन पुरचुंडीवरून दुसरीकडे गेले होते असे ज्या क्षणी लक्षात येईल, त्या क्षणी एक चिंचोका उजवीकडे ठेवायचा आणि परत यायचे. पहिल्या दिवशी नातवाच्या उजवीकडे दोन चिंचोके होते आणि तो खूश होता, कारण त्याला वाटले की त्याचे मन दोनदाच गेले. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी तीन मिनिटांत अकरा झाले आणि तो रडवेला झाला. मी त्याला सांगितले की मन तेव्हाही अकरा वेळाच जात होते, तुला दोनदाच कळत होते, आज अकरा वेळा कळले. तो बराच वेळ त्या चिंचोक्यांकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, ‘‘म्हणजे जास्त चांगले?’’ शाळेत त्याच्या भटकण्याची मोजणी होते. परत येण्याची मोजणी त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

फेब्रुवारीत दिंडोरीहून आमच्याकडे द्राक्षे येतात. माइंडफुलनेसच्या पाश्चात्त्य वर्गांत एक मनुका अत्यंत सावकाश खाण्याचा पाठ असतो. आम्ही नाशिकचे, आम्ही ताजे द्राक्ष घेतले. प्रत्येकाला एकच मणी. आधी पाहायचा, मग हुंगायचा, ओठाला लावायचा, आणि सगळ्यांचे झाल्यावर दाताखाली धरायचा. एरवी घड फस्त करणारा नातू मणी उन्हात धरून म्हणाला, ‘‘आजी, याच्या आत रेघा आहेत. आणि वरचा पांढरा रंग बोटाने पुसला जातो.’’ ते औषधाचे डाग आहेत का, हेही त्याने विचारले, कारण तो शेतकऱ्यांच्या नात्यातला आहे. फळाच्या सालीवर नैसर्गिक मेणाचाही थर असतो हे मी सांगितले आणि मणी धुतलेला आहे याची हमी दिली. त्या एका द्राक्षाला त्याला चार मिनिटे लागली. गणिताला तो सलग चार मिनिटे अजून बसत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

असे प्रामाणिकपणे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण या विषयात वाढवून सांगण्याची स्पर्धा लागली आहे. लहान गटांवरील अनेक अभ्यासांत सजगतेच्या प्रशिक्षणाने लक्ष सुधारल्याचे दिसले, पण त्यांतल्या कित्येकांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि गुण देणारे पालक स्वतःच प्रशिक्षणात सहभागी होते. आशेने पाहणाऱ्याला सुधारणा दिसतेच. नेदरलँड्समध्ये आठ ते सोळा वयोगटातील एडीएचडी असलेल्या मुलांच्या १०३ कुटुंबांवर एक काटेकोर अभ्यास झाला. त्यात निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्याच उपचारांच्या जोडीला मुलांसाठी व आईवडिलांसाठी समांतर असे सजगतेचे प्रशिक्षण दिले. सगळ्यांची सरासरी काढली तेव्हा मुलांच्या आत्मनियंत्रणात ठाम फरक निघाला नाही. मात्र स्वतंत्रपणे पाहिले तर प्रशिक्षण घेतलेल्या गटातील सुमारे एक तृतीयांश मुलांत खात्रीने म्हणता येईल अशी सुधारणा होती आणि दुसऱ्या गटात ती सुमारे एक नवमांश मुलांत होती. आईवडिलांच्या स्वतःच्या वागण्यात, मुलाशी वागताना भान राखण्यात आणि स्वतःला दोष न देण्यात मात्र फरक पडलेला दिसला. मला यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. रोज संध्याकाळी गृहपाठावरून ज्या घरात रणकंदन होते, तिथे आईचा आवाज एक पट्टी खाली आला तरी मुलासाठी ते औषधच आहे.

सरसकट सगळ्या शाळेला एकदम ध्यानाला बसवण्याचे काय होते, याचेही उत्तर उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक, ११ ते १४ वर्षांच्या विद्यार्थ्यांचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांना आधी रीतसर प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून मुलांना सजगता शिकवली गेली, आणि तरीही नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा त्याने मुलांचे मानसिक आरोग्य अधिक सुधारल्याचे आढळले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. काही जणांना ते कंटाळवाणे वाटले, आणि आधीच त्रासाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांना त्याचा किंचित तोटा होतो की काय अशी शंकाही अभ्यासकांनी नोंदवली. तो अभ्यास एडीएचडीच्या मुलांपुरता नव्हता, हे खरे. पण ध्वनिक्षेपकावरून पन्नास मुलांना एकाच वेळी शांत करू पाहणाऱ्या आपल्या पद्धतीने त्यावरून काही शिकायला हरकत नाही.

आणि औषधांविषयी. अमेरिकेत सात ते नऊ वर्षे वयाच्या ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चौदा महिन्यांच्या अखेरीस मुख्य लक्षणांवर नीट देखरेखीखाली दिलेले औषध हे केवळ वर्तन-प्रशिक्षणापेक्षा सरस ठरले होते. त्याचा अर्थ प्रत्येक मुलाला गोळी द्या असा होत नाही. वय, तीव्रता, झोप, भूक, घरची परिस्थिती पाहून ते डॉक्टर आणि आईवडील ठरवतात, आणि अगदी लहान मुलांच्या बाबतीत आधी पालकांना प्रशिक्षण दिले जाते. शाळेने मात्र या निर्णयात पडू नये. मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिन बंद करून सूर्यनमस्कार घाला असे कोणतेही शिक्षक सांगणार नाहीत. मग इथेच आपल्याला सल्ला द्यावासा का वाटतो, याचा विचार शिक्षक-दालनात एकदा व्हावा.

शाळांकडे माझ्या काही विनंत्या आहेत, आणि त्या जवळजवळ बिनखर्चाच्या आहेत. ध्यानाच्या तासातून कोणत्याही मुलाला बाहेर काढू नये, ही पहिली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. व्हरांड्यात उभे करणे त्यात बसते की नाही हा वाद वकिलांनी घालावा, मुलाला ते काय वाटते हे मी वर लिहिले आहे. ज्यांना एका जागी बसवत नाही अशा सहा-आठ मुलांचा छोटा गट करून त्यांना त्याच वेळात पटांगणात किंवा रिकाम्या खोलीत चालण्याचा, ऐकण्याचा, स्पर्शाचा सराव द्यावा. एक-दोन मिनिटांपासून सुरुवात करावी. डोळे मिटण्याची सक्ती कुणालाच नको. घरात मारहाण पाहिलेल्या मुलाला मिटलेल्या डोळ्यांआड काय दिसत असेल ते आपल्याला माहीत नसते. आणि हा तास कधीही शिक्षा म्हणून वापरू नये. ‘गोंधळ केलात, आता दहा मिनिटे ध्यान’ असे एकदा म्हटले की त्या वर्गात ध्यान संपले.

शिकवणाऱ्याने स्वतः काही महिने तरी सराव केलेला असावा. मोबाइलवरची ध्वनिफीत लावून कोपऱ्यात उत्तरपत्रिका तपासत बसणारे शिक्षक मुलांना बरोबर कळतात. मला जाणीव आहे की आपल्या शिक्षकांवर निवडणुकीची कामे आहेत, सर्वेक्षणे आहेत, रोज नवी लिंक आणि नवे ॲप आहे, आणि आता सिंहस्थ तोंडावर असल्याने शहरात प्रत्येकाला काही ना काही जादा काम लागणार आहे. म्हणूनच मी सर्वांना सक्तीचे प्रशिक्षण मागत नाही. प्रत्येक शाळेत मनापासून तयार असलेले दोन शिक्षक पुरेत.

पालकांना सोबत घ्यावे. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तेव्हा हा विषय समितीच्या बैठकीत यायला अडचण नसावी. जुन्या नाशकातल्या एका आईने मला विचारले होते, ‘‘बाई, हे आमच्या नमाजाच्या आड तर येत नाही ना?’’ तिला मी गच्चीवर येऊन बसायला सांगितले. मंत्र नाही, मूर्ती नाही, शब्द नाही, नुसता आपला श्वास आहे, हे पाहून ती मुलाला ठेवून गेली. शाळेतही पालकांना एकदा असे बसू द्यावे, म्हणजे शंका कानाकानाने फिरत नाहीत.

ज्या मुलाविषयी खरोखर शंका आहे, त्याची तपासणी व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही बाबी आहेत. पण वजन, उंची, दात, डोळे यांत दिवस संपतो आणि पथकाला वर्गातले मूल वीस सेकंद दिसते. त्या वीस सेकंदांत एडीएचडी दिसत नाही. वर्गशिक्षिकेने आधीच दोन ओळी लिहून ठेवल्या असतील तर दिसतो. पुढे जिल्हास्तरावरील केंद्राकडे पाठवण्याची सोय त्याच कार्यक्रमात आहे. पालकांना आधी कुणाशी तरी बोलायचे असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा शासकीय क्रमांक मराठीतही चालतो. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचे वेगळे नाव नाही, त्यामुळे केवळ एडीएचडी असलेल्या मुलाचे पालक सवलतींसाठी खेटे घालून दमतात. तो प्रश्न आपल्या हातातला नाही. पहिल्या बाकावर जागा देणे, मोठा गृहपाठ दोन तुकड्यांत देणे आणि मध्ये एकदा फळा पुसायला उठवणे आपल्या हातातले आहे.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. काही वर्षांपूर्वी डोळ्यांना पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गांनी महाराष्ट्रभर हजारो रुपये उकळले होते आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला होता. आता तशाच रंगीत फलकांवर मला माइंडफुलनेस हा शब्द दिसू लागला आहे, आणि शाळांकडे ‘आम्ही तुमच्या मुलांची एकाग्रता चाळीस दिवसांत दुप्पट करून देतो’ असे प्रस्ताव घेऊन लोक येत आहेत. अशांना फक्त एवढे विचारावे की ज्या मुलाला सात मिनिटे बसवत नाही त्याचे तुम्ही काय करता. उत्तर ‘त्याला वेगळे काढतो’ असे आले, तर चहा द्यावा आणि निरोप द्यावा.

नातवाच्या शाळेत मी गेल्या महिन्यात जाऊन आले. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतले, चिंचोक्यांची पुरचुंडी ठेवून घेतली आणि ‘पाहू’ म्हणाले. मी इतकी वर्षे शाळेत काढली आहेत, ‘पाहू’चा अर्थ मला कळतो, तरी या वेळी तो थोडा बरा वाटला. आपल्यापैकी कुणाला हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर रविवारी सकाळी साडेसातला आमची गच्ची उघडी असते, आणि कुणी बोलावले तर शनिवारी मी रिक्षा करून येईन, मानधन नको.

तोवर एवढे करावे. येत्या शनिवारी ध्यानाचा तास सुरू असताना आपण स्वतः व्हरांड्यातून एक चक्कर मारावी, आणि कुणी बाहेर उभे असेल तर त्याला आत घेऊन दाराजवळच्या बाकावर आपल्या शेजारी बसवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
नाशिक